भोजराजाच्या बांधाची तारीख

२७ जानेवारी १९८२, बुध.

काल झेंडावंदन झाल्यावर मेहता साहेबांनी थांबवून घेतलं. आमच्या जनसंपर्क विभागात आल्यापासून त्यांनी पहिल्यांदाच स्वतः चहा मागवला. पिपलानीत, कारखान्याच्या वसाहतीत, नवं उद्यान होतंय, तिथे शिळा बसवायची आहे. मजकूर आमच्या फळ्यावरचाच. १७ फेब्रुवारीला राजा भोजांनी भोपाळच्या बड्या तलावाच्या बांधाची पहिली शिळा ठेवली. दर वर्षी त्या दिवशी कारखान्याच्या मेन गेटवर लिहितो. साहेबांनी वरपर्यंत पोचवलं आणि ठरलं. अनावरण त्याच दिवशी, देवधर मास्तरांना शाल.

बारा वर्षं हा फळा चालवतोय. 'आज का दिन', चार ओळी. सातच्या पाळीचे लोक आत जायच्या आधी अनवर पेंटर लिहून मोकळा होतो, दुसऱ्या दिवशी पुसतो. कामाचा एकही दिवस कोरा गेलेला नाही. अलीकडच्या घटना मी काढतो, प्राचीन आणि मध्ययुगीन सगळ्या मास्तरांच्या. ते नसते तर फळा पहिल्याच वर्षी बंद पडला असता.

जूनमध्ये निवृत्ती. दगडावर जाईल असं काही आपल्या हातून... बरं वाटलं. कुसुम म्हणाली, "चला, एक तरी ओळ टिकली तुमची."

३० जाने., शनि.

संध्याकाळी बरखेड्याला मास्तरांकडे. बातमी द्यायला पेढे घेऊन गेलो. त्यांनी चहा टाकला, साखर दोनदा घातली. पेढा हातात धरून बसले. मग म्हणाले, "दगड कशाला? फळा पुसता येतो."

मला वाटलं, विनय. शाळेत तीस वर्षं इतिहास शिकवला, कुणी शाल दिली नाही, आता मिळतेय तर संकोचताहेत. येताना स्कूटरवर तसंच काहीसं मनात घोळवत आलो. भाषणाचं पहिलं वाक्यही जुळवलं.

२ फेब्रु., मंगळ.

फाउंड्रीतला शुक्ला फिटर जेवणाच्या सुट्टीत ऑफिसात आला. दारात उभा, कापडात बांधलेल्या दोन वह्या. हा माणूस रोज पाळीवर जाताना फळा उतरवून घेतो हे माहीत होतं, पण वह्या कधी बघितल्या नव्हत्या. सुवाच्य अक्षर. रविवार सोडून एक दिवस चुकलेला नाही. आजारी असला तर शेजाऱ्याकडून लिहून आणवलेलं, तशी नोंद बाजूला.

"बाबूजी, एक बात पूछनी थी, बुरा न मानिए." दोन जागी कागदाचे कपटे घातलेले. ११ ऑक्टोबर ७३: राजा भोज, बांधाची पहिली शिळा. १७ फेब्रुवारी ७६: राजा भोज, बांधाची पहिली शिळा. पुढे दर वर्षी फेब्रुवारीच.

पत्थर लगने वाला है, म्हणाला, तो सोचा पक्की कौन-सी है पूछ लूँ.

बघून सांगतो म्हणालो.

३ फेब्रु., बुध.

मास्तरांच्या चिठ्ठ्यांचा डबा काढला. बिस्किटांचा मोठा पत्र्याचा, तारखेवार लावलेला. मास्तरांची पद्धत पहिल्यापासून एकच: परीक्षेच्या जुन्या पेपरची मागची कोरी बाजू, जांभळी शाई, डाव्या कोपऱ्यात ग्रंथाचं नाव आणि पान. काही चिठ्ठ्यांवर ग्रंथाऐवजी छोटी फुली. ती मी 'तपासलं' अशी धरत आलो. ऑफिसात आम्ही तशीच करतो, तपासलेल्या मजकुरावर.

ऑक्टोबरची चिठ्ठी सापडली. एकदाच वापरलेली. त्या दिवसाला पुढच्या वर्षी दुसरी घटना मिळाली होती. फेब्रुवारीचीही सापडली. हिचा कागद वेगळा, पातळ, मागे औषधांची यादी. दोन्हीवर कोपऱ्यात फुली.

तिथी बदलताना चूक झाली असेल. जुन्या पंचांगात होतं असं. तालिकोटच्या लढाईच्या दोन पुस्तकांत दोन तारखा निघाल्या, तेव्हा हेच मास्तर आठवडाभर झोपले नव्हते. तीन दिवसांच्या फरकासाठी.

४ फेब्रु., गुरु.

चूक नाही.

दोन्ही चिठ्ठ्या समोर ठेवल्या. मास्तरांनी चष्मा पुसला. ऑक्टोबरची विसरलो होतो, म्हणाले. एवढंच. मग स्वतःच सांगितलं की फुली म्हणजे आधार नाही. ज्या दिवसाला काही सापडायचं नाही त्या दिवसाला ते एखादी घटना ठेवून द्यायचे. घटना खरी, दिवस त्यांचा.

मी विचारलं, कधीपासून? म्हणाले, पहिल्या पावसाळ्यापासून.

आवाज चढवला नाही. मला चढवता येत नाही. फक्त म्हणालो की हजारो माणसं रोज तो फळा वाचतात. तर ते म्हणाले, "संपादकसाहेब, बारा वर्षं तुमचं एकच वाक्य ऐकतोय. मास्तर, उद्याचं काय? मास्तर, कशावरून, असं एकदा तरी विचारलंत? मी प्रत्येक वेळी खूण केली. तुमच्यासमोर."

पुढे असंही म्हणाले की बांध तर आहे ना, कुणीतरी कधीतरी पहिला दगड ठेवलाच असणार, वर्षातल्या कुठल्यातरी एका दिवशी.

चहा न घेता उठलो. असं पहिल्यांदा.

६ फेब्रु., शनि.

डबा घरी आणला. फुलीच्या चिठ्ठ्या वेगळ्या काढल्या. एक्केचाळीस. कुसुम भाजी निवडत समोर बसली होती. एकेक वाचून दाखवली. कुठल्यातरी राजाचा अभिषेक, कुठल्यातरी देवळाचा कळस, कुणा भिक्षूचं प्रस्थान. सगळी माणसं खरी. दिवस सगळे...

म्हणाली, "यातली एखादी वाचताना तुम्हाला कधी शंका आली?"

नाही आली. हेच तर. इतर कुणाच्या मजकुरावर मी दोनदा पेन्सिल फिरवतो. साहेबांच्या भाषणातल्या तारखासुद्धा तपासतो. या एकाच माणसाचं न बघता पुढे पाठवलं. मला मूर्ख बनवायला त्यांना काही करावंच लागलं नाही.

८ फेब्रु., सोम.

वाढदिवस. अठ्ठावन्नात पदार्पण वगैरे.

फळ्यावर आज नेहमीचं: चिनी प्रवासी ह्युएन त्संग नालंदेला पोचला. मला पन्नास पूर्ण झाली तेव्हा मास्तरांनी ही चिठ्ठी पाकिटात घालून दिली होती. किती लोकांना सांगितलं असेल. लेकीच्या लग्नात व्याह्यांना सांगितलं. आपण ज्या दिवशी जन्मलो त्या दिवशी एक माणूस हजारो मैल चालून शेवटी दारात पोचला, याचं मला उगाच बळ वाटायचं.

फुली आहे. परवा मोजताना हाताखालून गेली तेव्हा बोललो नाही, कुसुमलाही नाही. तिने आज गोड केलं. खाल्लं.

मास्तर दर वर्षी आठ वाजता येतात. आले नाहीत. आले असते तर काय केलं असतं, माहीत नाही.

१० फेब्रु., बुध.

फळ्यावर आज हुलागूपुढे बगदादची शरणागती, १२५८. ग्रंथ आहे, पान आहे. स्वतः जाऊन बघून आलो. आता प्रत्येक चिठ्ठी अशीच बघणार.

साहेबांना सांगितलं. मास्तरांचं नाव घेतलं नाही, तारखेला आधार मिळत नाही इतकंच. साहेब हसले. "अरे भाई, भोज थे न? तालाब है न? फिर?" दगड कोरून झालाय, पाहुण्यांची वेळ ठरलीय, कार्डं गेलीत. शिवाय मजकूर विभागाचा, म्हणजे माझाच. लेखी कळवलं तर आधी मलाच उत्तर द्यावं लागेल. "जून में जा रहे हो, शांति से जाओ."

आठ वर्षं यांची भाषणं लिहिली.

११ फेब्रु., गुरु.

शुक्ला गेटवर भेटला. पक्की कुठली, त्याने विचारलं नाही, नुसता थांबला. अभी देख रहे हैं, म्हणालो. त्याला कळलं असावं.

जाताना म्हणाला, "हम तो आपके भरोसे उतारते हैं, बाबूजी." तक्रारीच्या सुरात नाही. त्याच्या वस्तीतल्या मुलांची तो दर महिन्याला या वह्यांवरून प्रश्नमंजूषा घेतो, बक्षीस म्हणून पेन देतो. हे आज कळलं. म्हणजे मास्तरांनी मला आणि मी याला. आणि याने त्या मुलांना, बिचाऱ्याला कल्पना नसताना.

१३ फेब्रु., शनि.

ती पातळ कागदाची चिठ्ठी डोक्यातून जात नव्हती. बाकी सगळ्या परीक्षेच्या पेपरवर, हीच औषधांच्या यादीवर का? ७६ सालची रोजनिशी काढली. इथे उतरवून ठेवतो, जशीच्या तशी:

"१६ फेब्रु. सोम. देवधर वहिनी दुपारी गेल्या. सहापर्यंत स्मशानात. उद्याचा मजकूर आलेला नव्हता. विचारावं की नाही कळेना. निघताना विचारलं. मास्तरांनी खिशातून कागद काढला, तिथेच कठड्यावर लिहून दिलं. फळा चुकला नाही."

त्याखाली रेघ. समाधानाची. तशी रेघ मी काम वेळेत झालं की ओढतो.

वहिनींच्या औषधांची यादी होती ती.

माझा राग कमी झाला असं नाही. उरलेल्या चाळीस फुल्यांचं काय? त्या-त्या दिवशी काही कुणी गेलं नव्हतं. पण गेल्या शनिवारी कुसुमने विचारलं होतं, शंका आली का, आणि मी म्हणालो, न बघता पुढे पाठवलं. हे मात्र बघून पाठवलं होतं. तो माणूस काय अवस्थेत लिहितोय ते समोर दिसत होतं.

१५ फेब्रु., सोम.

शिळा उद्यानात आली. कापड घालून ठेवलीय. कोपरा उचलून पाहिला. अक्षर सुरेख कोरलंय.

साहेबांनी परवाच्या फळ्याचा मजकूर टाइप करून पाठवला, सहीसकट. असं कधी होत नाही. माझ्यावरही कुणी न बघता भरवसा ठेवायला तयार नाही, हे एक बरं झालं.

१६ फेब्रु., मंगळ.

वहिनींचा दिवस. संध्याकाळी बरखेड्याला गेलो. जाऊ नये असं ठरवूनही गेलो.

मास्तर एकटेच. फोटोला हार. बसा म्हणाले नाहीत, पण खुर्चीवरची वर्तमानपत्रं उचलली. मी ७६ची वही उघडून पुढे केली. त्यांनी वाचली, परत दिली.

"हे लिहून ठेवलंत तुम्ही?"

हो म्हणालो.

"मला वाटायचं तुम्हाला आठवत नसेल." मग सांगितलं की त्या दिवशी विचारलं म्हणून माझा राग कधी केला नाही. काहीतरी लिहायला मिळालं म्हणून तेवढा वेळ निभावला. बांध मनात आला कारण वहिनींना तलावाकाठी बसायला आवडायचं. "पण बाकीचे दिवस मी नुसतेच भरले. त्याला कारण नाही. तुम्ही खूश व्हायचात."

मी म्हणालो, नालंदासुद्धा?

"तो तर मुद्दाम," म्हणाले. "तुम्हाला काय द्यावं सुचत नव्हतं."

त्यांना सरळ माफ करून टाकावं इतका मी मोठा नाही. बारा वर्षांतलं माझं सगळ्यात जवळचं माणूस, आणि माझ्याकडची त्याची कुठली वस्तू खरी, हे मला आता एकेक करून तपासावं लागतंय. हे मी बोललोही, याच शब्दांत.

निघताना दारात थांबलो आणि नेहमीचं वाक्य तोंडातून गेलं. मास्तर, उद्याचं काय?

ते आत गेले. दहा मिनिटांनी बाहेर आले, चिठ्ठी चौघडी घालून दिली. शाल घ्यायला येणार नाही, एवढंच म्हणाले.

१७ फेब्रु., बुध. सकाळी सहा.

चिठ्ठी काल उघडली नाही. आत्ता उघडली.

जांभळी शाई. "राजा भोजांनी बांधाची पहिली शिळा कोणत्या दिवशी ठेवली, ते माहीत नाही. आजवर या फळ्यावर लिहिलेली तारीख मी मनाने घातली होती." खाली पूर्ण नाव, सही. बारा वर्षांत पहिल्यांदा सही. डाव्या कोपऱ्यात, ग्रंथाच्या जागी: 'मी स्वतः'.

कोपऱ्यात फुली नाही.

कुसुमने वाचली. म्हणाली, "ही लावलीत तर निवृत्तीचा निरोपसमारंभ विसरा." मग म्हणाली, "आणि त्यांना एकट्यालाच सही करायला लावणार?"

हिंदी माझं मीच केलं, नेहमीसारखं. खाली मास्तरांचं नाव लिहिलं. त्याखाली माझं. शाई अजून ओली आहे.

साहेबांचा टाइप केलेला कागदही सोबत घेतलाय. का, विचारू नये. दहा वाजता पाहुणे येतात. अनवर ब्रश धुऊन उभा असेल. शुक्लाही वही उघडून.

स्कूटर सुरू होत नाहीये. चालत निघालो तरी गेट वीस मिनिटं.