सागवानावरचं सारवण

॥ श्री ॥
दादर, ४ नोव्हेंबर २००१

तीर्थरूप आईस, हितेशचा शि. सा. नमस्कार. वि. वि.

जागा मिळाली! भाड्याचीच, पण दोन खोल्या, आणि जमीन अख्खी सागवानी फळ्यांची. चाललं की कुरकुरते, तुझ्यासारखीच. मालकीणबाई खालच्याच मजल्यावर राहतात. कांडण-कुटण नको, एवढीच त्यांची अट. बाबा गेल्यापासून तू धसईला एकटी, माझा जीव थाऱ्यावर नसतो. आता कायमची ये. काजल आणि तुझी नात रविना वाट बघताहेत.

लोभ आहेच, तो घेऊन लवकर ये.
तुझा हितेश

धसई, २० नोव्हेंबर

चि. हितेश यास अ. उ. आशीर्वाद.

तुला न भेटता निघून आले, रागावू नको रे. तुमी दोघं कामाला गेलात नि मला वाटलं, नव्या घरात माज्या हातचा पयला दिवा न सारवलेल्या जमिनीवर कसा ठेवू? डब्यात शेण नेलं होतंच. छान सारवलं बघ. फळ्यांच्या फटींतून पाणी खाली झिरपंल, हे डोसक्यातच आलं नाय! खाली मालकिणीनं खाटेवर पापड वाळत घातलेले. ती वर आली, शेणानं भिजलेला पापड माज्यासमोर धरला नि तशीच खाली गेली. त्यापेक्षा शिव्या दिल्या असत्या तर बरं. पुसलं तरी पालिशवर माजी बोटं तशीच. मेल्याहून मेल्यासारखं झालं. काजल येताच पिशवी उचलली नि कल्याणची गाडी धरली. माज्यापायी तुजं घर जायाला नको. मी आता येणार नाय.

साक्षरतेच्या वर्गात शिकले तेवढ्यावर लिवते, गोड मानून घे.
तुजी आई

दादर, २७ नोव्हेंबर

ती. आईस सा. न.

घर गेलेलं नाही. मालकीणबाई दोन दिवस घुश्शात होत्या, खोटं कशाला बोलू? मग पुन्हा असं होणार नाही, एवढा शब्द घेतला आणि पॉलिशवाला बोलावला. त्याने सगळी जमीन घासली, पण कोपऱ्यातली तुझ्या बोटांची कमान मी तशीच ठेवायला लावली. रविना रोज तिथं बसते, रेघांवर हात फिरवते आणि आजी कुठे गेली म्हणून विचारते. काय सांगू तिला?

आणि एक. फरशीच्या जागा इथे पुष्कळ होत्या. पण मामाकडे फरशीवर तुझे गुडघे कसे ठणकायचे, ते मी पाहिलंय. म्हणून लाकडाचीच जागा शोधत हिंडलो. तू नसलीस तर ही जमीन मला काय करायचीय?

तुझाच, हितेश

धसई, ३ डिसेंबर

चि. हितेश यास आशीर्वाद.

तुजं पत्र वाचलं नि चुलीपाशी बसून रडले. गुडघ्यांचं मी कदी कुणाला बोलले नव्हते रे. गाय शेजारच्या देवजीभावजींच्या गोठ्यात बांधली. शनिवारी येते. डबा आणते, पण त्यात मालकिणीसाठी पापड असतील, आधीच सांगून ठेव!

लोभ तू ठेव, कुरकुर मी आणते.
तुजी आई

ता. क. दिवा त्या कोपऱ्यातच लावू. तिथं सारवलेलं हाय.