नवसाच्या महिन्यातला नाताळ

१ डिसें., रवि.

सकाळी निखिलचा पुण्याहून फोन. "आई, या वर्षी नाताळ कळंबला करायचा. सिल्वियाच्या मम्मीपण येतील." मी लगेच "या की" म्हणून बसले. फोन ठेवला आणि कॅलेंडरकडं नजर गेली. उद्यापासून मार्गशीर्ष. पंचवीसला बुधवार, सव्वीसला शेवटचा गुरुवार, म्हणजे माझं उद्यापन. झालं!

नाही म्हणणार तरी कोणत्या तोंडानं? सुनेचा लग्नानंतरचा पहिला नाताळ. तिचा भाऊ बायकामुलांना घेऊन दुबईला गेलेला, वसईत आई एकटी. आणि या पोरीनं आमचं काय करायचं सोडलं? गौरींना सोळा भाज्या चिरल्या. दिवाळीला अनारसे केले आणि ते माझ्यापेक्षा जाळीदार झाले. (हे इथंच राहू दे.)

२ डिसें., सोम.

दिवसभर हात चालतायत, डोकं ठिकाणावर नाही.

एरवी आमच्याकडं मटण काही वर्ज्य नाही, रविवारी असतंच. पण मार्गशीर्षात नाही. निखिल दोन वर्षांचा होता, मेंदूज्वर झाला. सोलापूरच्या दवाखान्यात डॉक्टर नुसते मान हलवायचे, तेव्हा बाहेरच्या बाकावर बसून महालक्ष्मीला नवस बोलले. पोरगं उठलं. तेव्हापासून एकदाही मोडला नाही. निखिलला वाटतं आईचं सोवळं. त्याला कधी सांगितलंच नाही. जिवावरचं असं काही पोराच्या डोक्यावर ठेवू नये असं वाटायचं. ठाऊक फक्त ह्यांना.

५ डिसें., गुरु. (पहिला)

पूजा झाली. पोथी वाचताना दोनदा ओळ चुकले. डोक्यात एकच, पंचवीसला काय शिजवायचं आणि कुठं.

आणि खरी भानगड दुपारी ध्यानात आली. मी नक्की काय बोलले होते तेच आठवत नाही. "माझ्या चुलीवर मांस शिजणार नाही" म्हणाले की "माझ्या घरात येणार नाही"? की "आम्ही खाणार नाही"? इतकी वर्षं तिन्ही एकच होतं. आता तिन्हींत केवढा फरक आहे!

ह्यांना विचारलं. "मी कशाला ऐकतोय? मी औषधं आणायला खाली गेल्तो. तू काय बोललीस ते देवीलाच म्हाईत."

मदत म्हणून शून्य.

८ डिसें., रवि.

सिल्वियाला फोन केला. म्हटलं, तुमच्याकडं काय काय करतात ते सगळं सांग, मी यादी करते.

"आई, काहीही चालेल. साधंच करू. वरणभात, एखादी भाजी. मला माहितीये तुमचा महिना असतो."

राग आला. तिचा नाही, कुणाचा ते सांगता येत नाही. गौरींच्या वेळी मी म्हणाले होते का काहीही चालेल म्हणून? पुरण पातळ झालं तर मी तिला परत घोटायला लावलं होतं. आमचा सण सगळा जिथल्या तिथं आणि हिचा वरणभातावर! पाहुण्यासारखं अंग चोरून जेवणार ही माझ्या घरात, आपल्याच सणाला. ते नको. ते मला बघवणार नाही.

पण दुसरं तरी कुठं…

१० डिसें., मंगळ.

तोडगा निघाला! शेजारच्या नसरीनला सगळं सांगितलं, म्हणजे नवस सोडून सगळं. ती म्हणाली, "कायकू इत्ता टेन्शन लेते बाई? हमारे घरमें पकाव. मेरा चूल्हा, मेरे बर्तन. तुम्हारा नियम तुम्हारे घरमें."

माझी चूल नाही, माझं घर नाही. दोन प्रश्न सुटले. नसरीनच्या अंगणात पंगत मांडायची. आज भाकरी टम्म फुगल्या.

१२ डिसें., गुरु. (दुसरा)

पूजा आटोपून विहीणबाईंना वसईला फोन लावला, जरा ऐटीतच. मटणाची सगळी सोय केलीय म्हटलं, शेजारी स्वतंत्र चूल आहे, तुमची जी पद्धत असेल ती होईल.

त्या खूश. "मटण तुम्ही कराच. मी इंदियाल घेऊन येते. ते आधीच करून मुरवावं लागतं, तिथं नुसतं गरम करायचं. आणि फुगे, मैद्याचे गोळे असतात आमचे, ते तिथंच ताजे तळू."

"इंदियाल कशाचं असतं हो?"

"डुकराचं. त्याशिवाय आमचा नाताळ होत नाही, ताई."

मी "हो हो, छान" म्हणाले. फोन ठेवला आणि खुर्चीत बसले. नसरीनच्या चुलीवर. नसरीनच्या भांड्यात. इतकी वर्षं शाळेत पोरांना सगळ्या धर्मांचे सण शिकवले मी, त्यावर निबंध लिहून घेतले.

१३ डिसें., शुक्र.

नसरीनला सांगायला गेले. आधी उगाच इकडचं तिकडचं बोलत राहिले. शेवटी एकदाचं सांगितलं. तिनं तोंडावर हात ठेवला, मला वाटलं चिडली. तर हसतेय! हसता हसता पायरीवर बसली. "या अल्ला, बाई, तुम तो मेरेकूच फसानेवाले थे!"

मग डोळे पुसून सरळ म्हणाली, "मटन का सालन मैं देती, मेरे हाथका. वो दूसरा मेरे घर में नको. बुरा मत मानो."

वाईट कशाला वाटेल? उलट हेवाच वाटला. तिला एक क्षण विचार करावा लागला नाही. तिचं काय चालतं, काय चालत नाही ते स्वच्छ. माझं मात्र मीच ठरवलेलं आणि मीच विसरलेलं.

१५ डिसें., रवि.

निखिल फोनवर वैतागला. "आई, एवढं काय त्यात? हॉटेलातून मागवू. आणि आता कोण पाळतं मार्गशीर्ष?"

ओठांवर आलं होतं, अरे तू आहेस म्हणून पाळते. गिळलं. म्हटलं, "हॉटेलातून मागवायचा सण करायचा असेल तर पुण्यातच करा." त्यानं आदळला फोन. मग अर्ध्या तासानं सिल्वियाचा मेसेज, "आई, सॉरी, माझ्यामुळे तुम्हाला त्रास." म्हणजे जे नको होतं तेच झालं.

खिचडी टाकली, ती खाली लागली.

१८ डिसें., बुध.

हे शेतातून आले, अंगभर कडब्याचं कूस. तिसाला येळवस, मार्गशीर्षातली अवस, तिची कोप घालायला घेतलीय. दरवर्षीसारखं कडब्याचं खोपटं, आत पाच दगडांचे पांडव मांडायचे, अख्ख्या गोतावळ्यानं शेतात जेवायचं.

चहा पिता पिता म्हणाले, "लई इचार करतीस तू. शेतात करा की समदं. घर न्हाय, चूल न्हाय. बांधाला तीन दगडं मांडायची."

"दगडांची झाली तरी चूल ती माझीच की. येळवशीला मीच मांडते."

"मग विहीणबाई मांडतील! त्यांनी मांडली, त्यांनी पेटवली, तुजी कशी व्हईल?"

या माणसाला वकील करायला हवं होतं. कोपीपासून लांब, विहिरीकडच्या बाजूला, नवे दगड. पांडवांच्या जवळपास काही न्यायचं नाही. एवढ्या अटी घालून हो म्हटलं. मन काही पूर्ण हो म्हणत नाही.

२१ डिसें., शनि.

करंज्या, शंकरपाळी, चकल्या झाल्या. सिल्विया म्हणते त्यांच्याकडंही करंज्या असतात, नेवऱ्या म्हणतात, सारणात खोबरं जास्त. मी निम्म्या तशा केल्या. पंचवीसची यादी फ्रीजला लावली: नसरीनचं सालन, विहीणबाईंचं इंदियाल आणि फुगे, माझ्या भाकरी, ठेचा, वांग्याचं भरीत, तिळाची पोळी. केक सिल्विया पुण्याहून आणतेय. ह्यांनी यादी वाचून विचारलं, "येळवशीची भज्जी न्हाय व्हय?" ती सगळ्या शेंगा-पाल्याची मिसळभाजी येळवशीलाच. काही तरी जिथल्या तिथं राहू द्या.

यादी बघून चांगलं वाटतं. मग एक ओळ डोक्यात येते, "आम्ही खाणार नाही". असं बोलले असेन तर निखिल…

ती ओळ यादीत नाही.

२४ डिसें., मंगळ.

आले सगळे. अंगणात गाडी थांबली, निखिलनं डिक्की उघडली आणि लसूण-व्हिनेगरचा वास थेट ओट्यापर्यंत. चिनी मातीची भली मोठी बरणी, तोंडाला फडकं बांधलेलं. विहीणबाई ती लेकरासारखी पोटाशी धरून आत निघाल्या.

मी दारातच म्हणाले, "गाडीतच राहू दे की. थंडी आहे, काही होत नाही."

कसं म्हणाले कुणास ठाऊक. विहीणबाईंचा चेहरा उतरला. सिल्विया भिंतीकडं बघायला लागली. निखिलनं त्यांच्या हातातली बरणी परत डिक्कीत ठेवली. त्यांना वाटलं मला किळस आली. सुनेच्या आईनं चार दिवस खपून केलेल्या पदार्थाची किळस!

संध्याकाळी राहवलं नाही. विहीणबाई फुग्यांचं पीठ भिजवत होत्या, तिथं जाऊन त्यांना सगळं सांगितलं. दवाखाना, बाक, विसरलेले शब्द, सगळं. सिल्वियाला नाही, त्यांना. आईला आईचं कळेल म्हणून. "पोरांना सांगू नका" हेही.

पिठातले हात तसेच ठेवून ऐकलं त्यांनी. मग म्हणाल्या, "आमच्यात नवस फारच जड झाला तर फादरकडं जातात. ते त्यातून मोकळं करू शकतात, नाहीतर बदल्यात दुसरं काही सांगतात. तुमच्यात कुणाला विचारतात?"

कुणाला विचारणार? देवी काही फोन उचलत नाही.

"मग मी उद्या शेतात निखिलला वाढू की नको?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, बघू. उद्याचं उद्या.

२५ डिसें., बुध. नाताळ

पहाटेच तिघं लातूरच्या चर्चमध्ये सकाळच्या मिस्साला गेली, तिथून थेट शेतात. सिल्विया हिरव्या साडीत. माझीच, दिवाळीत दिलेली.

चूल विहीणबाईंनी मांडली, त्यांनीच पेटवली. मी बांधावर, हात मांडीवर ठेवून. जन्मात इतकी रिकामी बसले नसेन. नसरीनचं सालन तिच्या नवऱ्यानं स्कूटरवर आणून दिलं, "मुबारक हो" म्हणून केक घेऊन गेला. फुगे कढईत असे टुणकन वर येत होते की हे उकिडवे बसून बघत राहिले. "च्या मायला, हे झ्याक हाय!"

दोन सतरंज्या. सिल्विया जेवली. जेवली म्हणजे कशी, बोटं चाटून, घाम पुसत. आणि म्हणाली, "मम्मी, अजून वाढ." या सुनेनं आमच्याकडं कधी अजून मागितलेलं नाही. गौरींना नाही, दिवाळीला नाही. मला तर भरूनच आलं. ज्याच्यासाठी महिनाभर जिवाची तगमग केली ते हेच होतं.

मग निखिलनं ताट पुढं केलं.

विहीणबाई पळी हातात धरून थांबल्या आणि त्यांनी माझ्याकडं पाहिलं. कुणाला काही कळलं नाही, पोरांना वाटलं रस्सा निथळतायत. मला कळलं. सगळं माझ्यावर सोडून त्या बाई तिथं उभ्या. नाही म्हटलं तर का ते सांगावं लागणार, आणि आत्ता हसणाऱ्या सुनेला पुन्हा अंग चोरायला लावणार. हो म्हटलं तर…

मी मान हलवली. हो म्हणूनच हलवली. नीट लिहून ठेवते, नंतर हेही विसरायला नको.

त्यांनी वाढलं. तो जेवला. दोनदा घेतलं. मी त्याचा प्रत्येक घास बघितला.

परतताना गार वारं सुटलं होतं. मी त्याला मफलर गुंडाळ म्हटलं, त्यानं ऐकलं नाही.

२६ डिसें., गुरु. (शेवटचा, उद्यापन)

सकाळी डोक्यावरून पाणी घेतलं, घट मांडला. देवीपुढं बराच वेळ बसले. माफी मागायची की आभार मानायचे ते ठरेना, म्हणून दोन्ही केलं. पाच सवाशिणी जेवून गेल्या. हळदीकुंकवाचं तबक सिल्वियानं फिरवलं, विहीणबाईंनी पुऱ्या लाटल्या.

निखिल उशिरा उठला. घसा धरलाय, अंग कसकसतंय म्हणाला. हात लावून बघितलं, किंचित गरम. हे म्हणाले, "शेतातलं वारं लागलं, दुसरं काय?" विहीणबाईंनी काढा केला. माझ्याशी नजर मात्र मिळवली नाही. मीपण नाही. वाऱ्याचंच असणार. मी स्वतःच काल म्हटलं होतं मफलर घे म्हणून. मला पटतंय. दर दहा मिनिटांनी जाऊन परत हात लावते, तेवढंच.

आता दुपार. भांडी पुसता पुसता सिल्विया एकदम म्हणाली, "आई, खरं सांगू? इतका छान नाताळ आमच्या घरीपण झाला नव्हता. पुढच्या वर्षीपण शेतातच करायचा ना?"

हो म्हणायला मी तोंड उघडलं आणि आतल्या खोलीत निखिल खोकला.

मी वही ओढली. हिशेब राहिलाय म्हटलं. ती अजून ओट्याशी उभी आहे, हातात तेच ताट, पुसून झालेलं. मी मान खाली घालून लिहितेय.

आता परत हाक मारली तिनं. "आई?"