जोतिबाचा कच्चा प्रोग्रॅम

आपा,

मामूंनी कुवेतहून पाठवलेल्या तुझ्या कॅल्क्युलेटरवर मी माझ्या दोस्ताचा, जोतिबाचा नवा प्रोग्रॅम चालवून बघितला. "अजून कच्चा हाय गड्या, दुसऱ्याच्या मशीनवर नको," असं त्यानं बजावलं होतं. मी ऐकलं न्हाई. तो साठवताना कोऱ्या चुंबकी कार्डाऐवजी चुकून तुझंच कार्ड मशीनमध्ये सरकवलं आणि त्यावरचं पुलाचं तुझं सगळं गणित पुसलं गेलं. उद्या ते तुला कॉलेजात दाखवायचंय. तुझ्यासमोर उभं राहायचा धीर झाला न्हाई.

त्या गणिताची नक्कल तुझ्या मैत्रिणीकडं, जैनबकडं हाय. ती आणायला एसटीनं रहिमतपूरला चाललोय. तुमचं दोघींचं बोलणं बंद हाय, ठाऊक हाय मला. "आपानं पाठवलं व्हय?" असं ती विचारणारच.

मी व्हय म्हणणार.

शमशेर