खारूच्या खिडकीतली सातवी पट्टी

३ मार्च

खिडकीच्या पडद्याची सातवी पट्टी पुन्हा पडली! सकाळी साडेनऊला, ऊन नेमकं त्या खिडकीवर आलेलं असताना. मी स्वयंपाकघरात होतो. आधी टप्प असा आवाज, मग खारूचा. ओरडली नाही. ओरडलं की डोकं फुटायची वेळ येते तिची. दात आवळून नुसतं, "बाबा, बाबा, बाबा."

धावलो. भिंतीकडे तोंड करून, उशी डोळ्यांवर दाबून बसली होती. वीतभर रुंद उजेड थेट पलंगावर. मी मध्ये उभा राहिलो, पाठीनं अडवून. पट्टी हातात — पण लावायला बाजूला झालो तर उजेड आत! बराच वेळ तसाच उभा, खांबासारखा. शेवटी पायानं खुर्चीवरची चादर ओढली आणि वरच्या रुळावर टाकली.

डॉक्टर म्हणाले होते, डोक्याला मार बसला की काहींना उजेड सुईसारखा टोचतो. अंधार ठेवा, धीर धरा. किती दिवस? "सांगता येत नाही."

अपघाताला आज पाच आठवडे झाले.

४ मार्च

चिकटपट्टी लावून टांगली. दुपारी पडली.

६ मार्च

आज नीटच हात घातला. हे उभ्या पट्ट्यांचे पडदे बायकोनं हौसेनं बसवून घेतले होते — कापडी पडदे धूळ खातात म्हणून. ती जाऊन सहा वर्षं झाली. तेव्हापासून त्यांच्याकडे कुणी मान वर करून बघितलं नव्हतं.

खारूला बाहेरच्या खोलीत निजवलं, डोळ्यांवर पट्टी बांधून. मग स्टुलावर चढलो. पट्टीच्या डोक्याशी जी खाच असते, तीच फाटली होती, म्हणून आकड्यात टिकत नव्हती. जुन्या फाइलच्या प्लॅस्टिकचा तुकडा कापला, गोंदानं दोन्ही बाजूंनी चिकटवला, कागदाला भोकं पाडायच्या पंचनं नवं भोक पाडलं. तीस वर्षं वजनकाटे दुरुस्त केले आहेत, हे काय अवघड!

अवघडच निघालं. पट्टी ठीक, पण वरचा आकडाच तुटका. साखळी ओढली की बाकीच्या अकरा पट्ट्या शिस्तीत वळतात, ही एकटी आडवी राहते. आणि रूळ असा अडकत होता, की मी शहाण्यासारखं शिवणयंत्राचं तेल सोडलं त्यात. तेलात सहा वर्षांची धूळ कालवली गेली, काळा चिखल झाला आणि दोन पट्ट्यांवर ओघळला. अंगठ्यानं पुसायला गेलो तर आणखी पसरला. रूळ खाली काढून, कोरड्या ब्रशनं साफ करता करता संध्याकाळ झाली.

खारू बाहेरून म्हणाली, "बाबा, शिव्या हळू दे."

पाच आठवड्यांत पहिल्यांदा थोडं हसली असावी. तोंड दिसलं नाही.

७ मार्च

सातवी टिकली. आडवी आहे, पण टिकली. फटीवर पुठ्ठा लावलाय.

९ मार्च

इथे तरी लिहितो. कुणी वाचणार नाही.

सगळ्यांना माहीत आहे ते असं: मी आणि खारू गाडीनं येत होतो, वळणावर समोरून माल पोचवणारी व्हॅन आमच्या बाजूला घुसली. असा मी जबाब दिलाय. इस्पितळात, कपाळाला टाके असताना, खारू आत बेशुद्ध. समोर अधिकारी वही घेऊन बसलेला. त्यानंच विचारलं, "व्हॅन तुमच्या अंगावर आली का?" मी हो म्हणालो. इतकं सोपं होतं ते.

खरं असं: माझा फोन वाजला. मी खाली बघितलं. जुन्या कारखान्यातल्या एकानं फुलांचं चित्र पाठवलं होतं, वर 'शुभ सकाळ'. एवढंच! मान वर केली तेव्हा पांढरी व्हॅन काचेत मावत नव्हती. वळण माझ्याकडून सुटलं होतं. तो बिचारा उलट व्हॅन रस्त्याबाहेर काढत होता. बाहेर काढताना ती उलटली आणि आम्ही तिच्या कुशीत घुसलो. खारूच्या बाजूनं.

व्हॅनवाल्यावर खटला आहे. परवाना जप्त. नोकरी गेली, असं ऐकतो.

खारूला त्या दिवसाचं काही आठवत नाही. डॉक्टर म्हणाले, बहुतेक आठवणारही नाही. ऐकून मला हायसं वाटलं. बाप आहे मी तिचा!

खारू एका छापखान्यात मुद्रितं तपासायची. दुसऱ्यांच्या चुका शोधायची दिवसभर. आता औषधाच्या बाटलीवरचं नावही वाचता येत नाही.

११ मार्च

दुपारी दाराची बेल. मी खारूच्या खोलीतल्या डाग पडलेल्या पट्ट्या, त्या जागी चादर टांगून, धुवायला काढल्या होत्या. तशीच ओली पट्टी हातात घेऊन दार उघडलं. एक बाई. चाळिशीची असेल, दवाखान्यातल्या झाडूवाल्यांचा असतो तसा निळा अंगरखा, कामावरून थेट आलेली.

"व्हॅन चालवत होते ना, त्यांची बायको मी."

मी दार अर्धं लोटलं. म्हणालो, "प्रकरण कोर्टात आहे. इथे येऊ नका."

"भांडायला नाही आले, काका. मुलगी कशी आहे तुमची?"

"बरी आहे."

"उजेड सोसत नाही म्हणे."

पट्टीचं पाणी माझ्या पायावर ठिबकत होतं. ती त्याकडे बघत म्हणाली, "बावीस वर्षं चालवतायत ते. साधा ओरखडा नाही कधी. पण आता तेच म्हणायला लागलेत, मलाच डुलकी लागली असेल. एवढा जाणता माणूस सांगतोय म्हणजे खरंच असेल, म्हणतात. स्वतःवरचाच भरवसा गेलाय त्यांचा. जेवत नाहीत." मग माझ्याकडे बघून, "एकदाच सांगा. तुम्ही सांगाल ते ऐकून जाते, परत येणार नाही. आले का हो ते तुमच्या अंगावर?"

मी म्हणालो, "जबाबात लिहिलंय ते वाचा."

तिनं मान हलवली आणि जिना उतरली. मी आत येऊन बाहेरच्या खोलीतल्या पट्ट्या बंद केल्या. एकीच्या आडून बघितलं. समोरच्या फुटपाथवर थोडा वेळ उभी होती, आमच्या खिडकीकडे बघत. मग गेली.

"कोण होतं?" खारूनं आतून विचारलं.

"झाडू-फडकी विकणारी."

"बराच वेळ विकत होती."

१२ मार्च

पोलीस ठाण्यातून फोन. सुनावणी चोवीसला. "जबाबात काही बदल नाही ना?"

"नाही."

इस्पितळात घाबरलो होतो, असं तरी म्हणता येत होतं. आज चहाचा कप हातात होता.

१४ मार्च

मेहुणीला खारूजवळ बसवून शहराच्या त्या टोकाला गेलो, पडद्यांच्या दुकानात. तुटका आकडा कागदात गुंडाळून नेला होता. दुकानदार भिंगातून बघून म्हणाला, हा नमुना बंद झालाय, नवाच पडदा घ्या. नको म्हणालो. त्यानं कंटाळून मागचा एक डबा माझ्यापुढे उपडा केला — "शोधा तुम्हीच." शेकडो आकडे. जमिनीवर बसून दीड तास शोधले. एक जुळला! त्याच दात्यांचा, त्याच उंचीचा. लॉटरी लागल्यासारखा उठलो. तेलाचंही विचारलं. हसला. "तेल नाही घालायचं काका, नुसता कोरडा फवारा." तोही घेतला.

घरी आलो तर खारू झोपलेली, चेहरा पांढराफटक. मेहुणी दारातच चपला घालत होती. माझ्याकडे बघेना.

"त्रास झाला का तिला?"

"झाला थोडा. झोपू द्या, भावजी."

चहाही न घेता गेली. दोघींचं काहीतरी बिनसलं असणार.

१५ मार्च

आकडा बसला. सगळे आकडे एका रेषेत आणायला साखळी आधी एका बाजूला शेवटपर्यंत ओढायची, तिकडून कट्‌ आवाज आला की उलट्या बाजूला शेवटपर्यंत. दोनदा केलं. तिसऱ्यांदा बाराच्या बारा एकदम वळल्या, एकीवर एक बसल्या. खालची वजनं खिशात नीट घातली, मण्यांची साखळी ओवली. पुठ्ठा काढून टाकला. सकाळच्या उन्हात तपासलं — कुठे फट नाही!

खारूला आत आणलं. तिनं डोळ्यांवरची पट्टी काढली. त्या काळोखात हळूहळू बघितलं, छताकडे, खिडकीकडे, मग माझ्याकडे.

"छान केलंस, बाबा."

मी साखळी उगाच ओढत राहिलो.

"मंगळवारी ती बाई आली होती ना," ती म्हणाली, "तिनं काय विचारलं तुला?"

"कुठली बाई?"

मी वळून पट्टीच्या कडा सारख्या करत होतो. त्या सारख्याच होत्या.

"असू दे," खारू म्हणाली आणि कुशीवर वळली.

तेव्हाच सांगायचं होतं. खोलीत आम्ही दोघंच होतो, अंधार होता, तोंडही दिसत नव्हतं एकमेकांचं. याहून सोपं कधी असणार होतं?

१६ मार्च

आज जाणार होतो. रविवार म्हणून नाही गेलो. ठाणं रविवारी उघडं असतं, हे मला चांगलं माहीत आहे.

बाहेरच्या खोलीतल्या पट्ट्या धुतल्या. एकही घाण नव्हती.

१७ मार्च

गेलो.

मेहुणीला बोलावलं, दाढी केली, धुतलेला शर्ट घातला. बाकावर तासभर बसलो. दोनदा उठून दारापर्यंत गेलो आणि परत आलो. नंबर लागला तेव्हा अधिकाऱ्यासमोर बसून एका दमात सगळं सांगितलं. फोन, फुलांचं चित्र, वळण. तो ऐकत होता, पण लिहीत नव्हता. शेवटी मीच म्हणालो, "लिहून घ्या ना!"

त्यानं फाइल उघडून माझ्याकडे सरकवली. तिच्यात खारूची सही. वेडीवाकडी, रेघेच्या खाली गेलेली.

"तुमची मुलगी शुक्रवारी येऊन गेली. सोबत मावशी होत्या. काळा चष्मा, वर डोक्याभोवती टॉवेल. आम्ही म्हटलं, घरी येतो. नको म्हणाली, घरी नको. आमच्याकडचे दिवे बंद केले, तरी दोनदा कचऱ्याच्या डब्यात ओकली. पण सगळं सांगून गेली. ओळीनं. तुमचं आणि तिचं एका शब्दानंही वेगळं नाही."

"तिला तर काही आठवत नाही..."

"तिला पहिल्यापासून आठवतंय."

व्हॅनवाला सुटेल. माझ्यावर दोन गुन्हे, एक अपघाताचा, एक खोट्या जबाबाचा. अधिकारी वाईट नव्हता. पाणी दिलं. म्हणाला, "तुमचंही लिहून घेतो. पण काका, आता त्याला तेवढं वजन नाही."

सही केली. पायी घरी आलो.

१८ मार्च

सकाळी खारूला विचारलं, "मला का नाही सांगितलंस, जाऊन आलीस ते?"

"सांगितलं असतं तर तू माझ्यामुळे गेला असतास." डोळे मिटलेलेच. मग म्हणाली, "मला वाटलं होतं, त्या बाईचं विचारल्यावर शनिवारीच जाशील."