चॅप्लिन, अपेंडिक्स आणि आमचे व्याही

२ नोव्हेंबर, रविवार. सकाळी ७.१०
आजपासून रोजनिशी. सिद्धांताची कुठेतरी नोंद हवी. सिद्धांत असा: जगातल्या कुठल्याही दोन गोष्टी जास्तीत जास्त पाच कड्यांत जोडता येतात. खडकीच्या फॅक्टरीत चौतीस वर्षं स्टोअर्स सांभाळताना सुचला. उदाहरणार्थ, चार्ली चॅप्लिन. तो १९३१ साली लंडनला गांधीजींना भेटला. गांधीजींचं अपेंडिक्सचं ऑपरेशन १९२४ साली ससूनमध्ये झालं. माझा मेहुणा संतोष, त्याचंही अपेंडिक्स ससूनलाच काढलं. म्हणजे चॅप्लिन ते संतोष, फक्त तीन कड्या! बायकोला सांगितलं. पूर्णिमा म्हणाली, त्याला कळवा, बरं वाटेल. कळवायला फोन केला. त्याने उचलला नाही.

३ नोव्हेंबर
तनुजाचं ठरतंय. मुलगा ऋषी, तिच्याच कंपनीतला, राहायला बिबवेवाडीला. दोघांनी आपापसांत ठरवलंय, पण त्याची आजी आनंदीबाई जुन्या वळणाच्या. त्यांनी होकार दिल्याशिवाय पुढे काही हलणार नाही. रविवारी सगळे आमच्याकडे कर्वेनगरला येणार. तनुजाने मला गॅलरीत नेऊन सांगितलं, बाबा, प्लीज, त्या दिवशी कशाचाही कशाशीही संबंध जोडू नका. वचन दिलं. मी शब्दाचा पक्का.

५ नोव्हेंबर
खडकीची लढाई, १८१७, आजचीच तारीख. सोसायटीत एकालाही पत्ता नाही. टाकी साफ करणारा गमबूट घालून आला आणि मला तिथल्या तिथे साखळी दिसली. दुसरे बाजीराव. त्यांना परत गादीवर बसवायला १८०३ साली पुण्यात आलेला वेलस्ली. तोच पुढे वॉटर्लू जिंकणारा वेलिंग्टन. त्याच्या नावाचे वेलिंग्टन बूट. मग आमची टाकी. माणसाला नीट समजावून सांगितलं. तो म्हणाला, काका, बाजूला व्हा, पाणी सोडतोय.

८ नोव्हेंबर
उद्याची तयारी पूर्ण. फक्त चार वाक्यं बोलायची: या. बसा. घ्या ना. अगदी बरोबर. आरशासमोर प्रॅक्टिस केली. फारच सभ्य दिसलो.

९ नोव्हेंबर, रविवार. दुपारी ३.००
पोहे उत्तम. चार वाक्यांवर पंचवीस मिनिटं काढली. मग ऋषीच्या वडिलांनी, आप्पासाहेबांनी, विचारलं, तुमचं मूळ गाव कुठलं? पहिला संबंध त्यांनी काढला, ही नोंद असावी. विचारल्यावर माणसाने सांगायचं नाही का? मी गाव सांगितलं, त्यांचं विचारलं. ते म्हणाले, आमच्या आजोबांनी गाव कधी कुणाला सांगितलंच नाही, १९३८ साली एक ट्रंक घेऊन बिबवेवाडीत आले, एवढंच माहीत.

१९३८! आमच्या आजोबांचे धाकटे भाऊ पोपटराव भांडून घर सोडून गेले तेही १९३८ सालीच. पुन्हा घरी आले नाहीत. ट्रंक घेऊनच गेले असणार. आडनाव रागाने बदललं असणार. मी उभाच राहिलो. म्हणालो, आप्पासाहेब, तुमचे आजोबा म्हणजेच आमचे पोपटराव! आपण एकाच रक्ताचे! टाळीसाठी हात पुढे केला. समोरून हात आला नाही.

आनंदीबाईंनी कपबशी खाली ठेवली. म्हणाल्या, म्हणजे ही पोरं भाऊबहीण झाली. एका कुळात लग्न होत नाही.

हा मुद्दा माझ्या लक्षात आला नव्हता.

४.३०
पाहुणे गेले. तनुजा खोलीत, दार बंद. पूर्णिमा म्हणाली, अभिनंदन, व्याही मिळणार होते, भाऊबंद मिळाले. साखळीबद्दल कुणी एक शब्द काढला नाही. वास्तविक तीनच कड्या होत्या.

११ नोव्हेंबर
तनुजा दोन दिवस जेवली नाही. बाप म्हणून बघवत नाही. वह्या काढून सखोल अभ्यास केला आणि चूक सापडली! पोपटराव आजोबांचे भाऊ नव्हतेच, पुतणे असले पाहिजेत. ताबडतोब आप्पासाहेबांना फोन. म्हणालो, काळजी मिटली, तनुजा ऋषीची बहीण नाही. आत्या आहे. फोन कट झाला. बिबवेवाडीत नेटवर्कचा प्रॉब्लेम दिसतो.

१२ नोव्हेंबर
तनुजा बोलली. म्हणाली, तुम्हाला जगातलं सगळं जोडता येतं, बाबा, माझं तेवढं तोडलंत. फार लागलं. दिवसभर एकही साखळी केली नाही. फक्त संध्याकाळी एक, छोटी, पाव आणि पोर्तुगीज.

१५ नोव्हेंबर
पूर्णिमा आमच्या लग्नाचा अल्बम पिशवीत घालून एकटीच बिबवेवाडीला गेली. मी येऊ का म्हणून विचारलं तर म्हणाली, आपण इथेच बसा, तेवढी मदत पुरे.

सहाला परत आली. आनंदीबाईंचा होकार घेऊन! अल्बममधला एक फोटो दाखवला. आम्ही नवरा-नवरी एका म्हाताऱ्याच्या पाया पडतोय. म्हणे, हेच तुमचे पोपटराव. १९९२ साली आपल्या लग्नाला आले होते, समई दिली होती. खडकीलाच राहायचे, तुमच्या फॅक्टरीच्या गेटसमोर. बिबवेवाडीत कधी पाऊल टाकलं नाही. आनंदीबाईंनीही फोटो बघून सांगितलं, हे आमचे सासरे नव्हेत. मी म्हटलं, मला कुणी का नाही सांगितलं? ती म्हणाली, सांगितलं होतं, तुम्ही वेलिंग्टनबद्दल बोलत होता.

त्या गेटसमोर मी चौतीस वर्षं चहा प्यायलो.

आनंदीबाईंची एक अट आहे. साखरपुड्यात मी सर्वांदेखत जाहीर करायचं की आमचा आणि त्यांचा काहीही संबंध नाही.

२३ नोव्हेंबर, रविवार. साखरपुडा
जाहीर केलं. कागदावरून वाचलं. दोनशे माणसांनी टाळ्या वाजवल्या. माझ्या भाषणाला टाळ्या प्रथमच. तनुजा हसली, माझ्याकडे बघून. मग पुडे दिले-घेतले आणि आप्पासाहेबांनी मिठी मारून म्हटलं, या व्याही! एकही कडी न लावता.

घरी येऊन समई शोधली. ती रोज देवापाशी लागते, हे मला माहीत नव्हतं. मग तो फोटो नीट पाहिला. पोपटरावांचा हात माझ्या डोक्यावर आहे, आणि ते माझ्याकडे बघतायत. मी फोटोग्राफरकडे बघतोय. तोंड उघडं. बहुतेक त्याला एडिसनबद्दल काहीतरी सांगत असणार.