नऊच्या आधीची बाग

॥ श्री ॥

मुरुड, ९ जानेवारी २०२४

ती. ताईस,
सुचिताचा सा. न. वि. वि.

तुझं पत्र मिळालं, वालही मिळाले. फोनवर तुला ऐकू येत नाही आणि मोबाईलवर लिहिलं तर आधी तुझी सूनबाई वाचते, त्यापेक्षा आपलं हे पोस्टच बरं. पोस्टमनने विचारलं, मावशी, अजून पत्र कोण लिहितं तुम्हाला? मी सांगितलं, आमच्या ताईचे कान गेलेत, बोलायची हौस गेलेली नाही.

आमच्याकडे विनेशचं काही खरं नाही. तिशी उलटली तरी मनाने चार वर्षांचाच राहिला, हे तुला काय सांगायचं. रोज संध्याकाळी त्याला समुद्रावरच्या बागेत नेत होते. बाग फुकट, आणि झोपाळ्यावर बसला की माझं लेकरू घटकाभर शांत. गेल्या आठवड्यात तिथे पाटी लागली, झोपाळे फक्त बारा वर्षांखालच्या मुलांसाठी. कुणी पाहुण्या बाईंनी तक्रार केली म्हणे, एवढा बाप्या माणूस पोरांत काय करतो म्हणून. वॉचमन कोंडाजी भला माणूस. खाली बघूनच म्हणाला, वैनी, माज्या हातात काय न्हाय. विनेश साखळी सोडेना. शेवटी दोघांनी मिळून त्याची बोटं सोडवली. घरी येईपर्यंत तो स्वतःच्याच थोबाडीत मारून घेत होता. अजूनही ऊन उतरलं की चपला घालून दारात उभा राहतो.

तुमच्या माणगावच्या बागेत असं कुणी अडवतं का? कळव. माझं पोट अधूनमधून दुखतं, विशेष काही नाही.

माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी,
सुचिता

॥ श्री ॥

माणगाव, १७ जानेवारी २०२४

चि. सुचितास,
कमळताईचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

पोस्टमनपाशी माझी बदनामी करतेस होय? करा. मला कुठे ऐकू येणार आहे!

विनेशचं वाचून लगेच बागेत जाऊन बघून आले. आमच्या बागेला आता तिकीट लावलंय, पण सकाळी नऊच्या आधी फिरायला येणाऱ्यांना फुकट सोडतात. तेव्हा पोरं शाळेत. म्हातारी मंडळी एका कोपऱ्यात हात वर करून हसण्याचा व्यायाम करतात. झोपाळे रिकामे. त्याला घेऊन ये. आमचा अल्पेश ट्रकवर गेलाय, जागा आहे. सूनबाई प्राप्तीला दिवस गेलेत, तिलाही तेवढीच सोबत. जमलं तर पालीला बल्लाळेश्वराच्या पायाही पडून येऊ.

पण एक विचारू? त्याला कधी मुरुडबाहेर न नेणारी तू, एका झोपाळ्यासाठी इथल्या बागेची चौकशी करतेस? आणि पोटाचं नीट लिही. विशेष काही नाही म्हणजे काय?

वाट बघते. प्रेम आहेच, प्रत्यक्ष येऊन घे.

तुझी,
कमळताई

॥ श्री ॥

मुरुड, १२ फेब्रुवारी २०२४

ती. ताईस,
सुचिताचा सा. न. वि. वि.

सुखरूप पोचलो. रोह्यापासून विनेश माझ्या खांद्यावर झोपला होता.

तुझ्याकडच्या त्या सकाळी डोळ्यांपुढून जात नाहीत. तो झोपाळ्यावर, तू मागून ढकलतेस. त्याचं हसणं तुला ऐकू येत नव्हतं म्हणून मधेच झोका थांबवून त्याच्या पाठीवर हात ठेवून बघत होतीस. कुणी हटकलं नाही. एका आजोबांनी तर त्याला हसणाऱ्यांच्या रांगेत उभं केलं.

ताई, सगळं तिथेच सांगायचं होतं. पण तुझ्याशी हळू बोलता येत नाही. ओरडून सांगावं तर चाळभर ऐकू जातं, आणि हे ओरडून सांगण्यासारखं नव्हतं. अलिबागच्या डॉक्टरांनी दिवाळीनंतरच सांगितलंय. पोटातलं दुखणं लिव्हरपर्यंत गेलंय. आता औषध फक्त वेदना कमी व्हायला. मुलाची सोय लवकर लावा, म्हणाले. म्हणून बाग बघायला आले होते. त्याचा जीव तिथे रमतो का, एवढंच बघायचं होतं.

माझ्यामागे त्याला ठेवशील? जेवायचे हट्ट नाहीत. वालाचं बिरडं असलं तर मागून घेतो. आंघोळ स्वतः करतो, पाणी तेवढं काढून द्यावं लागतं. सकाळी नऊच्या आधी बागेत नेलं की त्याचा दिवस निघतो. आणखी काही लागत नाही गं त्याला.

उत्तर काहीही असलं तरी तुझ्यावरची माझी माया तीच.

तुझी,
सुचिता

॥ श्री ॥

माणगाव, ३ एप्रिल २०२४

चि. सुचितास,
कमळताईचे आशीर्वाद. वि. वि.

उत्तराला उशीर झाला. लिहीत होते आणि फाडत होते.

अल्पेशला सांगितलं. तो वाईट नाही गं. माझ्या कानाशी तोंड आणून म्हणाला, आई, मी निम्मा महिना गाडीवर, घरात तान्हं येणार, विनूदादाकडे बघणार कोण, तू? प्राप्ती उठून आत गेली. पण तुम्ही इथे होतात तेव्हा विनेशने तिच्या पोटाला हात लावला होता. कौतुकानेच लावला असणार. तेव्हापासून ती आतून कडी लावून झोपत होती, हे मला नंतर कळलं.

मी म्हटलं, मी बघेन. मला जमतं हे दाखवायला दुसऱ्या दिवशी सकाळी एकटी बागेत निघाले. हायवे ओलांडताना कुणीतरी दंड धरून मागे खेचलं. बघते तर माझ्या मागोमाग आलेला अल्पेश, आणि डंपर माझ्या पदराला घासून पुढे गेलेला. ड्रायव्हर केव्हाचा हॉर्न वाजवत होता, सगळा रस्ता ओरडत होता. मला काही ऐकूच आलं नाही. सुचिता, तेव्हा विनेशचा हात माझ्या हातात असता तर?

कानांचं कारण खरं आहे. पण कान धड असते तरी या घरात माझं चाललं असतं का, ते मला सांगता येत नाही. पनवेलकडे अशा मोठ्या मुलांना ठेवून घेणारी एक संस्था आहे. अल्पेश बघून आलाय. पोचवायला तोच येईल.

मला हव्या तेवढ्या शिव्या दे, पण पत्र बंद करू नकोस.

तुझी अभागी,
कमळताई

॥ श्री ॥

मुरुड, २० जून २०२४

ती. ताईस,
सुचिताचा सा. न. वि. वि.

शिव्या कशाला देऊ? डंपरचं वाचलं आणि आधी देवापुढे साखर ठेवली. तू आहेस, हेच खूप.

विनेशला पोचवून आले. अल्पेशने गाडी आणली, त्याला खिडकीशी बसवलं, वडखळला वडापाव खाऊ घातला. घरातून मात्र तो निघत नव्हता. पलंगाचा खूर धरून बसला. मग मी म्हटलं, चल, मोठ्या बागेत जायचंय. चपला उलट्या घालून पळत गाडीत जाऊन बसला.

जागा स्वच्छ आहे. माणसंही बरी वाटली. पण आवारात नुसती फरशी. तो समोर बघून आला, मग इमारतीच्या मागे गेला, मग पाण्याच्या टाकीमागे. परत येऊन मला विचारलं, झोपाला कंय हाय? मी म्हटलं, आत असेल. तिथल्या बाई हळूच म्हणाल्या, आता निघा, रुळतात सगळे. तो आत शोधायला गेला आणि मी निघाले.

सुरुवातीला भेटू देत नाहीत. पावसाळा सरल्यावर या, म्हणाले. तोवर मी असेन असं वाटत नाही. पोटात पाणी झालंय, पायरी उतरवत नाही. शेजारची अमिषा पेज आणून देते.

अल्पेश तुला तिकडे घेऊन जाईल. जा. जाताना बिरडं ने. तो विचारेल, आई कुठाय. काय सांगायचं ते तू ठरव. फक्त, चल बागेत जाऊ, असं त्याला म्हणू नकोस. तो लगेच उठून येतो.

तुझी माया आता त्याच्याकडे वळव.

तुझी,
सुचिता