जित्या नावाची घागर

२१ एप्रिल, सोमवार. लोणखेडा

पोचले एकदाची! शहाद्याच्या स्टँडवर उतरले तर चपला डांबराला चिकटत होत्या, आणि तरी मी हसत होते. रिक्षावाल्याने पाच मिनिटांच्या रस्त्यात माझं गाव, पगार आणि लग्न, तिन्ही विचारून घेतलं. पहिली दोन उत्तरं खरी दिली.

महाविद्यालयात मुलांची समुपदेशक म्हणून नेमणूक आहे. नाशिकहून सात तासांचा प्रवास झाला, पण खोल्या बघून शीण गेला. घरमालकीण धनुबाई, साठीच्या पुढच्या. मुलगा सुरतला, नवरा हिलाल अप्पा दोन वर्षांपूर्वी गेले. पुढचं घर त्यांचं, मागच्या दोन खोल्या माझ्या. मध्ये ओटा, त्यावर निंबाची सावली. पलीकडे केळीच केळी. त्यांनी लगेच कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाची, भाकर आणि ठेचा पुढे केला. ठेच्याने डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. तिखटाचं पाणी मी धरत नाही. खरं रडून मला आज अडुसष्ट दिवस झाले.

२४ एप्रिल

रविना नावाची मुलगी आली. दुसऱ्या वर्षाला आहे, घर तळोद्याकडचं. ठरलेलं लग्न मुलाकडच्यांनी मोडलं म्हणून तासभर रडली. मी तिला शिकवलं ते मी स्वतः करते: दुःखाला एक नाव द्यायचं, त्याला समोर बसवायचं आणि 'तू मी नाहीस' असं सांगून उठून जायचं. तिने मान डोलावली, पण पटलेलं दिसलं नाही.

पुस्तकातलं हे फक्त अर्धंच आहे. उठून जाण्याआधी त्या दुःखापाशी बसायचं असतं. ते अर्धं मी गाळते. नवनीतने लग्नाला वीस दिवस उरले असताना एक मेसेज केला होता: 'तू फार रडतेस. मला नाही जमणार.' पत्रिका छापून आल्या होत्या. त्या दिवसापासून एक थेंब नाही. बघ म्हणावं, जमतं की नाही.

२९ एप्रिल

उद्या आखाजी, म्हणजे आपली अक्षय तृतीया. सगळीकडे झोके बांधलेत, माहेरी आलेल्या पोरी गाणी म्हणताहेत. धनुमावशींनी कुंभाराकडून नवी घागर आणली. इथे आखाजीला घरातल्या गेलेल्या माणसाच्या नावाने घागर भरतात. तोंडावर डांगर (इथे खरबुजाला म्हणतात), सांजोऱ्या आणि आंबा ठेवायचा, उंबऱ्याशी नाव घ्यायचं आणि पाणी पी म्हणून सांगायचं. उन्हाळ्यात मेलेल्यांनाही तहान लागते, असं मावशी म्हणाल्या. एक घागर जास्त आली होती. मला ठेवू का, असं मी विचारलं. माझं कोणी गेलंय का, असं त्यांनी विचारलं. मी आजी म्हणून सांगितलं. आजी नाशकात ठणठणीत आहे, देवा माफ कर.

३० एप्रिल

मावशींनी 'पी ल्या, अप्पा' म्हणत घागर भरली आणि पदराने डोळे पुसले. पाच मिनिटांनी मला आमरस वाढताना त्या हसत होत्या. किती सोपं आहे यांचं.

त्या झोक्यावर गेल्यावर मी माझ्या उंबऱ्याशी बसले. आधी वाटलं होतं, नवनीतच्या नावाने भरावी. पण ते नाव जिभेवर येईना. मग एकदम सुचलं. त्याला नकोशी झाली होती ती माझ्यातली रडणारी, आणि मलाही तीच नकोशी आहे. मी पाणी ओतलं आणि स्पष्ट म्हणाले: 'रडणाऱ्या रुपाच्या नावाने. पी आणि जा.' छान वाटलं. असा उपाय कुठल्या प्रशिक्षणात शिकवत नाहीत!

२ मे

घागर निम्मी झाली. दोनच दिवसांत. उन्हाने असेल, नवी माती पाणी शोषते. मी परत भरली. नाव काही घेतलं नाही, तरी ओठांवर आलंच.

मन इतकं हलकं आहे की आईचा फोन आला आणि ती रडायला लागली तेव्हा मी पंखा कसा कुरकुरतो ते ऐकत होते. नवनीतचं लग्न ठरलंय म्हणे. बरं झालं.

६ मे

आज एक विचित्र गोष्ट झाली. रविना आली, पेढे घेऊन. कालच्याबद्दल आभार मानायला आली होती. म्हणाली, काल तुम्ही माझा हात धरून माझ्याबरोबर रडलात ना मॅडम, तेव्हा पहिल्यांदा मोकळं वाटलं. रात्री जेवले, झोपले.

काल सोमवारी मी दिवसभर नंदुरबारला बैठकीत होते. बसचं तिकीट अजून पर्समध्ये आहे.

मी तिला तसं सांगितलं नाही. तिची गंमत असेल, किंवा तिला भास झाला असेल. पण माझी ओढणी ओली होती म्हणाली, आणि ओढणीचा रंगही बरोबर सांगितला. ती जांभळी ओढणी मी साखरपुड्यानंतर वापरलेली नाही.

८ मे

त्रेचाळीस अंश. सगळे घामाने निथळताहेत, मी कोरडी. काखेतसुद्धा घाम नाही. तांब्यावर तांब्या पिते, पाणी कुठे जातं कळत नाही. ओठ फुटलेत, रक्त येत नाही.

दुपारी परत आले तर उशी ओली. नुसती ओली नाही, मधोमध दोन डाग. जिभेला लावून बघितलं. खारट. घागरीपासून पलंगापर्यंत ओल्या पावलांचे ठसे होते. अंगठ्यापेक्षा त्याच्या शेजारचं बोट लांब. माझ्या पायासारखं. दाराला तर मी कुलूप लावून गेले होते.

१० मे

मावशींना सगळं सांगितलं. त्या जात्यापाशी बसल्या होत्या, तशाच थांबल्या. मग कपाळावर हात मारून घेतला. जिता माणूसनी घागर कोनी भरत नही वं माय, म्हणाल्या. ज्याच्या नावाने पाणी ठेवलं ते माणूस त्या घरचं होतं, येत राहतं. मी तिला जा म्हटलं होतं, असं मी सांगितलं. तर म्हणाल्या, पानी बी देवानं आनि जाय बी म्हनानं? पाणी देऊन वर हाकलायचं? तहानलेलं कुठे जातं का.

उपाय विचारला. उपाय काही नाही, तिला जवळ घ्यायचं, एवढंच. माझं डोकं त्यांनी मांडीवर घेतलं, रडी ले पोरी, रडी ले, म्हणत थोपटत राहिल्या. मला तो हात फार बरा वाटला. मला रडायचं होतं. खरंच होतं. डोळे उघडे ठेवून मी त्यांच्या लुगड्याची वीण बघत राहिले.

त्या अप्पांसाठी दरवर्षी रडतात आणि उठून आमरस वाढतात. मी तिला एकदाही रडू दिलं नाही. नवनीतने माझ्याशी जे केलं तेच मी तिच्याशी केलं. एका वाक्यात संपवलं.

११ मे

कांदा चिरला. काही नाही. ठेचा बोटाने डोळ्यांत घातला. आग झाली, पाणी नाही. त्याचा मेसेज शंभरदा वाचला. पत्रिका काढली. माझं नाव वाचलं — चि. सौ. कां. रुपा — हे कोणाचं नाव असं वाटलं. क्षणभरच. पण वाटलं.

घागर फोडायला गेले. हात पोचण्याआधी आतून कोणीतरी घोट घेतल्याचा आवाज आला. मी मागे सरले. मला भीती वाटली. वाटली हे बरं, अजून काहीतरी वाटतंय.

१२ मे

वर्गाच्या दारात उभी होते. मुलं माझ्याकडे बघेनात. रविना शेजारून गेली, नमस्कार नाही. शिपायाने माझ्या तोंडावर खोली बंद केली.

घरी आले. भर दुपार. दाराला आतून कडी.

आत कोणीतरी रडतंय. हुंदके देऊन, नाक ओढत, लहान मुलासारखं. माझं रडणं मला ओळखू येतं. एकोणनव्वद दिवसांचं साठलेलं आहे.

खिडकीतून दिसलं. मावशी पलंगावर. मांडीवर डोकं, जांभळी ओढणी. मावशी थोपटताहेत. तोच हात —

मी दार वाजवलं. मावशी, मी रुपा, दार उघडा. मावशींनी विचारलं, कोन शे? मी परत नाव सांगितलं. मग म्हणाल्या, रुपा ते घरमा शे. तू कोन शे वं?

१३ — की १४

ओट्यावरच आहे. वही पर्समध्ये होती म्हणून. पेन नीट धरता येत नाही, बोटं वाळलीत.

आत हसण्याचा आवाज. रडून झाल्यावरचं हसणं. आमरसाचा वास. मला वाटायचं, रडून झाल्यावर असं हसता येत नसतं —

ती खिडकीशी आली होती. डोळे सुजलेले. चेहरा भरलेला, ओला, किती सुंदर. माझ्याकडे बघून परत रडली. माझ्यासाठी. मी तिच्यासाठी कधी —

तहान

नळाचं पाणी हातात थांबत नाही. मावशींच्या उंबऱ्याशी ठेवलेल्या अप्पांच्या घागरीला तोंड लावलं, ओठांपर्यंत येतं आणि —

दुपार

मावशी बाहेर आल्या. हातात नवी घागर. आखाजी होऊन गेली तरी. मला बघत नाहीत, पण उंबऱ्याशी बरोबर माझ्यासमोर ठेवली. पाणी ओतलं. आवाज. थंड. देवा, किती थंड

नाव घेतल्याशिवाय पिता येत नाही. आता कळलं

मावशींनी आत वळून विचारलं, कोणाच्या नावाने? ती दारात आली. ओढणीने डोळे पुसले. ती मला जा म्हणणार नाही. नुसतं पी म्हणेल. मी तिच्यापेक्षा —

घे. नाव घे माझं. लवकर

तिने तोंड उघडलं, म्हणाली, न रडणाऱ्या रु